घळीतले चौदा दगड

मी नुसती फुलपाखरं बघायला आले आहे, यावर सुभाषचा विश्वास बसला नाही. सुभाष म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. गावाकडची शेती आता तोच बघतो. त्यानं चहा पुढं केला, बायकोकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "आत्या, तिकडं औरंगाबादेत फुलपाखरं न्हाईत का?" मी म्हटलं, आहेत, पण ती माझ्या ओळखीची नाहीत. तो हसला आणि दुसरा चहा टाकायला सांगितला. ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेली बाई ऐन फाल्गुनात गाडी करून एवढ्या लांब येते आणि आल्या आल्या झिऱ्याच्या घळीची वाट विचारते, म्हणजे तिच्या मनात वडिलांच्या जमिनीतला वाटा असणार, असं त्यानं धरलं होतं. मला राग आला नाही. संशय घेणं आमच्या घराण्यातच आहे, आणि माझ्यात तो सुभाषपेक्षा जास्त मुरलेला आहे. मी दूधवाल्याचा संशय घेते, डॉक्टरांचा घेते, आणि गेली सत्तर वर्षं माझ्या वडिलांचा घेत आले आहे. वडील जाऊनही आता चाळीस वर्षं होतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाष स्वतःच निघाला माझ्याबरोबर. मला एकटीला सोडायची त्याची तयारी नव्हती. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या खांद्यावर माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची. मी माझी छोटी वही पदराखाली धरली होती. ती त्याला दिसली, आणि दिसली हे मला कळलं.

पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं जमीन चढायला लागते आणि अजिंठ्याचे डोंगर हाताशी आल्यासारखे वाटतात. आमची घळ लांबून दिसतच नाही. करडईच्या, हरभऱ्याच्या रानातून तुम्ही सपाटीनं चालत असता, आणि एकदम पायाखालची जमीन संपते. खाली करंजाची, उंबराची डोकी दिसतात. उतरायला लागलं की आधी वास बदलतो. वर पीक सोंगलेल्या रानाची कोरडी धूळ असते, खाली ओल्या वाळूचा, कुजक्या पानांचा आणि घाणेरीच्या फुलांचा मिळून एक उग्र वास. लहानपणी त्या वासानं मला शिंका यायच्या. माय म्हणायची, घळ तुला ओळखते.

तळाशी वाळूत हातभर खड्डा उकरला की पाणी झिरपून यायचं. तो झिरा. उन्हाळ्यात गावच्या विहिरी बसल्या की बायका घागरी घेऊन तिथंच जायच्या, नारळाच्या करवंटीनं पाणी भरायच्या. झिऱ्याभोवतीची वाळू कायम ओली असायची, आणि फाल्गुन लागला की त्या ओलीवर फुलपाखरं बसायची. पिवळी तर इतकी, की कुणी हळदीच्या अक्षता टाकून गेलं असं वाटावं. काळ्यावर निळसर ठिपक्यांची असायची, ती कपारीच्या सावलीत वाळक्या वेलीला लोंबायची आणि कुणी शिंकलं की एकदम उठायची. ह्यातलं काहीही आम्ही कधी बघितलं नव्हतं. रोज पाणी भरत होतो त्या जागेवर, आणि बघितलं नव्हतं. बाई आल्या तेव्हा दिसायला लागलं.

पण बाईंच्या आधी त्या दिवसांविषयी सांगायला हवं, नाहीतर गाव उगाच वाईट वाटेल. हैदराबादचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. रझाकारांच्या धामधुमीत सगळं गाव ह्याच घळीत लपून बसलं होतं, चुली न पेटवता, लेकरांच्या तोंडावर हात ठेवून. ते दिवस संपले तरी माणसांचे कान टवकारलेलेच राहिले. कुणी घरी काय शिजलं विचारलं तर भाकरी-चटणी सांगायचं, चुलीवर काहीही असो, हे आम्हा पोरींना बोलायला येण्याबरोबर शिकवलेलं. सगळ्यात मोठा धसका कागदाचा होता. वही घेऊन येणारा माणूस काहीतरी लिहून नेतो, आणि मग मागाहून काहीतरी जातं, एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या मायच्या माहेरी तसंच झालं होतं. आधी दोघं जण आले, दगडांवर लाल आकडे टाकून गेले. पैमाईश चालू आहे म्हणाले, पैमाईश म्हणजे जमिनीची मोजणी. दोन वर्षांनी तिथं सरकारी तलाव झाला आणि माझ्या आज्याची दोन्ही वावरं पाण्याखाली गेली. माय तांदूळ निवडताना ती गोष्ट सांगायची. दरवेळी लाल आकड्यांपाशी आली की तिचा हात सुपात थांबायचा.

अशा गावात मुलींचा वर्ग उघडला आणि बाई आल्या. पाचवारी पातळ, काळी छत्री, पायात कॅनव्हासचे बूट. पुण्याकडच्या होत्या. एवढ्या लांबची बाई एकटी इथं कशाला आली, ह्यावरच गावाचा पहिला महिना गेला. वर्ग मारुतीच्या देवळाच्या मंडपात भरायचा. आम्ही सात जणी होतो. माझी मैत्रीण कौसा सगळ्यांत हुशार होती; पाढे म्हणताना ती डोळे मिटायची आणि बाई तिच्याकडं बघत राहायच्या. मला तिचा हेवा वाटायचा. शाळेची चव लागली ती तोंडी लावण्यापुरतीच म्हणा ना आम्हाला, पण लागली होती. पाटीवर ओल्या फडक्याचा वास, मंडपातल्या तेलाचा वास, आणि दुपारी शेणानं सारवलेल्या जमिनीचा गारवा. अजूनही कुठं एरंडेलाचा दिवा जळताना वास आला की मला सात नव्वे त्रेसष्ट आठवतं.

होळीच्या आधीच्या एका रविवारी बाई आम्हाला घेऊन घळीत उतरल्या. सांगितलं, आज फुलपाखरं शोधायची. आम्हाला वाटलं धरायची. कौसानं पदर पसरला. बाई म्हणाल्या, धरायची नाहीत, मोजायची. मग एका जागी अर्धा अर्धा तास नुसतं बसवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. आधी काहीच दिसलं नाही. मग वाळू हलल्यासारखी वाटली, आणि ती वाळू नव्हती. बाईंनी वहीत लिहिलं: झिरा, अकरा. कौसा म्हणाली, बाई, वीस लिहा, वीस असतील. तेव्हा बाई जे बोलल्या ते मी जन्मभर घोकत आले आहे.

"जेवढं दिसलं तेवढंच सांगायचं. एकही जास्त नाही, एकही कमी नाही."

गावाला हे काही पटण्यासारखं नव्हतं. पोरींना रानात नेते, फुलपाखरं धरत नाही, मारत नाही, कशात भरून नेत नाही. मग जाते कशाला? पारावर बसणारे बापे रोज नवीन कारण काढायचे. कुणी म्हणालं, घळीत कुणी काही पुरून ठेवलंय ते शोधते. कुणी म्हणालं, सरकारनं धाडलीय. माझे वडील अण्णा कमी बोलायचे. घळीच्या तोंडाला लागून आमचंच वावर होतं, त्यामुळं सगळे त्यांच्याकडं बघायचे. एके संध्याकाळी ते बैलांसाठी कडबा तोडत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "पोरी, बाई तिथं काय करते ते बराबर बघ. मला सांगत जाय."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कौसाला पाढे येत असतील, पण अण्णांनी असं काम तिला दिलं नव्हतं. मग मी रविवारी घळीत फुलपाखरांवर एक डोळा ठेवायची आणि बाईंवर दुसरा. संध्याकाळी गोठ्यात जाऊन सगळं सांगायची. बाई पावलं टाकून अंतर मोजतात. बाई झाडाचं नाव लिहितात. बाईंनी आज शेंगदाणे खाल्ले आणि टरफलं रुमालात बांधून परत आणली. अण्णा ऐकून घ्यायचे आणि हूं म्हणायचे. टरफलांचं ऐकून मात्र त्यांचा विळा थांबला. टरफलं परत नेणारी बाई त्यांना फारच खोल वाटली असावी.

दर रविवारी त्याच जागा सापडेनात, म्हणून बाईंनी जागांना आकडे द्यायचं ठरवलं. आधी चुन्यानं दगडांवर लिहिलं, पण पुढच्या खेपेला पक्ष्यांची घाण कोणती आणि चुना कोणता हे कळेना. बाई म्हणाल्या, तांबडा रंग हवा. बाकीच्या पोरी विचार करत होत्या तोवर मी बाईंच्या कानात सांगितलं की आमच्याकडं आहे. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला अण्णा हिंगूळ आणायचे, जवसाच्या तेलात कालवायचे. उरलेला डबीत घालून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा, पुढच्या पोळ्यापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. बाईंनी विचारलं, "घरी विचारून आणशील ना?" मी हो म्हटलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर मिळाला नसता, आणि कौसा पुन्हा पुढं गेली असती. डबी मी गुपचूप बाईंच्या हातात दिली, पोरींना वाटलं बाईंनीच आणली.

त्या रविवारइतका चांगला दिवस माझ्या वाट्याला फार वेळा आला नाही. पळस फुलून गेले होते, खाली नुसता शेंदरी सडा. आम्ही काडीला चिंधी गुंडाळून कुंचला केला. प्रत्येकीला दोन दोन दगड. देवळातल्या पाटीवर जे आकडे पांढरे यायचे ते इथं लाल येत होते, आणि पुसले जात नव्हते. जवसाच्या तेलाचा वास हाताला लागला तो घरी येऊन राखेनं घासला तरी जाईना. मी नववा आकडा कपारीपाशी काढला, पाटीएवढ्या एका चपट्या दगडावर. बाईंनी त्याच्याकडं बघून मान हलवली. कौसानंसुद्धा बघितलं. एकूण चौदा झाले. तेव्हा आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही, की मायच्या माहेरच्या दगडांवरही आकडे लालच होते.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी एका धनगराला वरून ते दिसले. शेळ्या सोडून तो पळत गावात आला. सकाळी सकाळी पारावर माणसं जमली, अंगावरचे रंग अजून धड निघालेले नव्हते. सगळे म्हणत होते, उतरून बघू, काय लिहिलंय ते वाचू. तेव्हा अण्णा उठले. म्हणाले, घळीच्या तोंडाशी वावर माझं, मी जातो, तुम्ही इथंच थांबा. एकटेच गेले. माय चुलीपुढं बसून होती आणि भाकरी करपत होती तरी तिला वास येत नव्हता. मी गोठ्यात जाऊन कोनाड्यात हात घातला. डबी तिथं नव्हतीच, ती घळीत दगडाच्या सांदीत राहिली होती.

न्याहारीच्या वेळी अण्णा परत आले. हातांना घाणेरीचे ओरखडे, नखांत माती. हौदावर बराच वेळ हात धुतले. मग पारावर जाऊन सांगितलं, लाल आकडे हायेत, चौदा हायेत, सगळे दगड पालथे घालून आलो. गावाला ते पसंत पडलं. सरकारी खूण पुसणं गुन्हा होता, पण दगड पालथा पडला तर कोण काय करणार? कुणी पुढं काही विचारलं नाही, आणि अण्णांनी पुढं काही सांगितलं नाही.

मग बाईंना बोलावलं. त्या वही घेऊन आल्या. वही उघडून दाखवली, तर तिच्यात आकडेच आकडे. हे लिहून काय करता, असं एकानं विचारलं. बाई म्हणाल्या, काही नाही. त्यांनी काहीतरी सांगायला हवं होतं. पुण्याला धाडते, बक्षीस मिळतं, कायपण. 'काही नाही' ह्या उत्तरावर आमच्या गावात तेव्हा कुणीही विश्वास ठेवला नसता. मग कुणीतरी म्हणालं, पोरीला विचारा, ती असते की सोबत. मला पुढं उभं केलं. बाई मोजतात का? मोजतात. लिहितात का? लिहितात. पावलं टाकतात का? टाकतात. दगडांवर आकडे काढायला कुणी सांगितलं? बाईंनी. मी एकही शब्द खोटा बोलले नाही. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. मला सांगायला लाज वाटते, पण तेव्हा माझ्या मनात बाईंना माझं उत्तर आवडत असेल असंच होतं.

शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं, रंग कुठला?

एवढा एकच प्रश्न खरा होता. हिंगूळ म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रंग गोठ्यातला, शिंगांचा, असं मी म्हटलं असतं तर सगळे हसले असते. कुठलं सरकार बैलाच्या हिंगुळानं मोजणी करतं? बाई राहिल्या असत्या, वर्ग राहिला असता, आम्ही सातजणी पाचवीला बसलो असतो. मी अण्णांकडं बघितलं. ते कडब्याची एक काडी सोलत होते आणि काडीकडंच बघत होते. मला वाटलं, विचारल्यावाचून घेतला म्हणून ते मला चाबकानं मारतील. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग बाईंनी माझ्याकडं बघितलं, जरा वेळ बघितलं, आणि पारावरच्या माणसांना सांगितलं, "रंग मी आणला."

बाईंना खोटं बोलताना मी एकदाच ऐकलं. ते हे.

गावानं जा म्हटलं, आणि चार दिवसांनी बाई गेल्या. त्यांना भोकरदनपर्यंत सोडायला गाडी कुणी जुंपली? अण्णांनी. स्वतःहून, कुणी सांगितलं नसताना. पत्र्याची ट्रंक, वळकटी, छत्री. पोरी वेशीपर्यंत गेल्या, कौसा रडून लाल झाली होती. मी गेले नाही. गोठ्याच्या भिंतीआड उभी राहून चाकांचा आवाज ऐकला. परत आल्यावर अण्णा जेवले नाहीत. त्या वाटेत दोघांचं काय बोलणं झालं, ह्याचा मी पुढं किती विचार केला त्याला गणती नाही. बोलले असतील का? की अण्णा बैलांशिवाय कुणाशीच काही बोलले नसतील?

श्रावण सरता सरता पोळा आला. अण्णांनी पिंपळगावच्या बाजारातून हिंगुळाची नवी पुडी आणली. कोनाड्यात हातसुद्धा घातला नाही. जुन्या डबीचं काय झालं ते मला विचारलं नाही, मायला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. आमच्या घरात सुई हरवली तर तीन दिवस चौकशी चालायची. मी बैलांच्या मागं उभी राहून त्यांच्या बोटांकडं बघत होते, लाल झालेल्या, शिंगावरून हळू फिरणाऱ्या. संशय तिथं धरला. ह्यांना ठाऊक आहे. पण दगडावरचा तेवढासा रंग कुणाला ओळखू येणार, असं वाटून तो सोडायची, आणि पुढच्या पोळ्याला पुन्हा धरायची. त्यांना ठाऊक असेल तर पारावर ते गप्प का बसले? रंग आमच्या घरचा म्हटल्यावर गावानं अण्णांनाच मोजणीवाल्यांचा माणूस ठरवलं असतं, त्या दिवसांत ते घर उठवायला पुरेसं होतं. की मला वाचवायला गप्प बसले? कोणतंही कारण धरलं तरी बाई गेल्याच. आणि मी विचारलं नाही, ते वारले तोवर विचारलं नाही, कारण त्यांना विचारायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं.

मुलींचा वर्ग त्या वर्षी बंद पडला तो पडलाच. पंधराव्या वर्षी माझं लग्न झालं. मी औरंगाबादला गेले, तिथं शेजारच्या वाचनालयामुळं हाताला पुस्तकं लागली, म्हणून आज चार ओळी लिहिते आहे. कौसाला काही लागलं नाही. डोळे मिटून पाढे म्हणणारी ती पोरगी जन्मभर दुसऱ्याच्या रानात निंदायला गेली आणि अंगठा उठवत मेली म्हणे. लिहायची सवय मोडली होती. तलाव तर आजतागायत झाला नाही. मोजायला कुणी आलंच नाही त्या घळीत.

सुभाषनं खुर्ची झिऱ्याजवळ मांडली. झिरा आता उथळ झाला आहे, पण ओल आहे. वास तोच. मला शिंक आली, आणि वेलीवरून काळी पाच-सहा उठली. मी बसले नाही. काठी टेकत कपारीकडं गेले. पावसाळ्यातल्या पाण्यानं खालचे दगड कधीच वाहून नेले असणार, पण कपार उंचावर आहे, तिथं पाणी पोचत नाही. चपटा, पाटीएवढा दगड जिथं होता तिथंच होता. कडेनं लहान दगडी चिपा मारून घट्ट बसवलेला, बांधाचा दगड बसवतात तसा. मी त्या चिपांवरून बोट फिरवलं. असा दगड अण्णाच बसवायचे. मी सुभाषला म्हटलं, एवढा उलटा कर.

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. पुरलेलं सोनं निघतं की काय असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. चिपा काढल्या, दगड उभा केला, मातीवर हात फिरवला. खालच्या अंगाला, ओलसर, तांबडा ९.

"हा तर हिंगूळ हाय," सुभाष लगेच म्हणाला. "आबा जवसाच्या तेलात कालवायचे, तसला. इथं कुणी लावला?"

आबा म्हणजे त्याचे आजोबा, माझे अण्णा. सत्तर वर्षांनी, मातीत माखलेला, आणि त्यानं एका नजरेत ओळखला. अण्णांनी तर ताजा बघितला होता. पहिल्या दगडालाच त्यांना कळलं असणार, आणि तरी त्यांनी पुढचे तेरा पालथे घातले, एक एक करून, चिपा मारून. पारावरची माणसं खाली उतरू नयेत, जवळून बघू नयेत म्हणून एकटे गेले. माझा संशय खरा होता. इतकी वर्षं तो खरा निघावा असं वाटायचं, आणि निघाला तेव्हा मला अण्णांचा इतका राग आला, आणि त्यांची इतकी आठवण आली, की दोन्ही एकदम सोसेना. मी कपारीला टेकून रडले.

सुभाष घाबरला. मग त्यानं वर बघितलं. काठावर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. तो पटकन वाकला आणि दगड पुन्हा पालथा घातला. म्हणाला, उगं कुणी बघंल, लाल आकडा दिसला की गावात बोंब व्हायला वेळ लागत न्हाई. आणि तो चिपा गोळा करायला लागला.

मी त्याचा हात धरला. त्याला खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसून तो दगड दोन्ही हातांनी उलटा केला. आकडा वर. मग पारावर जे सांगायचं होतं ते सांगितलं, मोठ्यानं, वरच्या शेळ्यांनाही ऐकू जाईल असं.

"रंग आमच्या गोठ्यातला होता. मी आणला होता, न विचारता."

घळीत माझा आवाज घुमून परत आला. सुभाषनं वर काठाकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, हे कुणाकुणाला ठाऊक हाय? मी म्हटलं, बाईंना होतं, तुझ्या आबांना होतं, आता तुला आहे. एवढ्यासाठी आल्तीस व्हय, असं त्यानं विचारलं. त्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. जमिनीचं काही नव्हतं.

मी वही उघडली. बाईंसारखं अर्धा तास गप्प बसले, आणि तोही बसला. झिऱ्याच्या ओलीवर पिवळी यायला लागली. पूर्वीसारखी अक्षता सांडल्यागत नाहीत, पण आली. मी सहा मोजली आणि लिहिलं: झिरा, सहा.

"काय लिहून राह्यलीस?" सुभाषनं विचारलं. मी सांगितलं, फुलपाखरं, सहा आहेत. त्यानं मान पुढं काढून वहीत बघितलं, मग वाळूकडं बघितलं, बोट रोखून एक एक मोजलं.

"सात हायेत, आत्या. ते दगडावरचं धरलंच न्हाई तू."

मी वाकून बघितलं. उलट्या केलेल्या दगडाला अजून ओल होती, आणि नवाच्या गोलात एक बसलं होतं. मी सहा खोडलं आणि सात लिहिलं.